गुळाच्या तोलाची

माझी धाकटी बहीण धुळ्याला राहते आणि वाटेल ते खाते. सकाळी पोह्यांवर मूठभर शेव, दुपारी साग्रसंगीत जेवण, संध्याकाळी पुन्हा काहीतरी तळलेलं. तिच्या अंगाला ते लागत नाही. मी जळगावला राहते, मोजून खाते, आणि शेजारणीने कढईत तेल टाकलं तरी माझ्या अंगाला लागतं. हे मी हसत हसत सांगते, ऐकणारेही हसतात. पण त्यात विनोद नाही, जळफळाट आहे. चाळिशी ओलांडलेल्या बाईने सख्ख्या बहिणीच्या कंबरेवर जळावं हे शोभत नाही, एवढं मला कळतं. कळून काय उपयोग?

त्यात माझा धंदा ब्लाऊज शिवायचा. घराच्या पुढच्या खोलीत माझी मशीन आहे आणि दिवसभर माझ्या हातात टेप असते. छाती, कंबर, मुंढा, बाही. दुसऱ्या बायकांच्या कंबरा मी रोज मोजते, त्यामुळे कोण किती वाढली आणि कोण किती उतरली हे मला त्यांच्या नवऱ्यांच्या आधी कळतं. बहिणीचे ब्लाऊजही मीच शिवते. तिच्याकडून मी शिलाई घेत नाही. तिच्या कंबरेचं माप माझ्या हाताने वहीत लिहावं लागतं, हीच पुरेशी शिक्षा आहे.

आमचं माहेर धरणगावाजवळच्या खेड्यातलं. कापूस आणि ज्वारी. माझ्याआधी घरात एक मुलगा झाला होता, तो वर्षाच्या आत गेला. मी पोटात असताना मायने गावच्या देवीला नवस बोलला, की हे लेकरू जगलं तर ते मोठं होईपर्यंत दरवर्षी यात्रेत त्याची गुळाने तुला करीन. मी जगले. मग दरवर्षी चैत्रात देवळासमोर कापूस तोलायचा मोठा तराजू टांगला जायचा, एका पारड्यात मी बसायचे आणि दुसऱ्यात गुळाच्या ढेपा चढायच्या. पारडी समान झाली की तो गूळ तिथेच फोडून गावाला वाटायचा.

नवस देवीचा होता, पण बघायला गाव असायचं. लेकरू हलकं भरलं तर गूळ कमी, आणि गूळ कमी तर घराची शोभा गेली. शेवटच्या माणसापर्यंत खडा पोचला नाही तर आमच्या नानांना, म्हणजे वडिलांना, वर्षभर तोंड लपवावं लागलं असतं. म्हणून होळी झाली की माझी तयारी सुरू व्हायची. सकाळी तुपात भिजवलेली पोळी, दुपारी दुधात कुस्करलेली केळी, रात्री डिंकाचा लाडू. मी नको म्हटलं की माय मांडीवर घेऊन भरवायची. लोक नानांना विचारायचे, औंदा पोर किती भरली? कापसाच्या गाडीबद्दल विचारतात तसं. आणि नाना मान ताठ करून सांगायचे. मागच्या वर्षीपेक्षा एक ढेप जास्त चढली की माय घरी येऊन माझी दृष्ट काढायची आणि शेजारणींना म्हणायची, "मनी आंडेर भारी शे," म्हणजे माझी लेक भारी आहे.

धाकटी माझ्या मागून तीन वर्षांनी झाली. तिच्यासाठी कुणी काही बोललं नव्हतं. आधीची जगली होती, मग नवस कशाला? ती काटकुळी होती, दिवसभर बोरीखाली असायची, हाक मारली तरी जेवायला यायची नाही आणि तिच्यामागे ताट घेऊन कुणी धावायचंही नाही. एका यात्रेत ती माझ्याआधी जाऊन पारड्यात बसली. नानांनी तिला बखोटीला धरून खाली उतरवलं. ती धुळीत लोळून रडली. त्या दिवशी सगळ्या गावासमोर मी वर चढले, गुळाच्या तोलाने हवेत उचलली गेले, आणि ती खालून माझ्याकडे बघत होती. तिला माझा हेवा वाटत होता. आयुष्यात तेवढी काही वर्षं, नंतर कधी नाही.

नवस फिटला, तुला थांबली, मायने भरवणंही थांबवलं. अंग मात्र थांबलं नाही. शाळेत मला पळायला लावलं की मुली बाजूला उभ्या राहून बघायच्या. पुढे बघायला माणसं यायची तेव्हा चहा मी न्यायचे आणि चौकशी धाकटीची व्हायची. माझं लग्न उशिरा का होईना झालं, नवरा वरणगावच्या फॅक्टरीत, स्वभावाने गरीब, माझ्या अंगावरून त्याने कधी शब्दाने दुखावलं नाही. पण धाकटी नवरी होऊन मांडवात उभी राहिली तेव्हा तिचा ब्लाऊज मी शिवलेला होता, आणि त्याच्या कंबरेच्या मापात माझी एक मांडी जेमतेम मावली असती.

मग धाकटीचं दुसरं बाळंतपण झालं आणि ती फुगली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तिचे सगळे ब्लाऊज माझ्याकडे आले आणि मी शिवणीत आत राखलेली माया उसवून, एकेक टीप सोडवून ते सैल केले. इतकं मन लावून मी नव्या नवरीचं कामही केलेलं नाही. ती आरशासमोर उभी राहून रडायला लागली तेव्हा मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, अगं होतं असं. तोंड तिच्या खांद्यावर होतं म्हणून बरं, तिला ते दिसलं नाही.

दोघींनी मिळून उतरवायचं हे तिचंच डोकं. जळगावच्या एका डॉक्टरीण बाईंकडे आम्ही दोघी गेलो. बाईंनी दोघींना जवळजवळ एकसारखंच लिहून दिलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, एक भाकरी, भरपूर भाजी, वरण घट्ट, दही, मोड आलेली मटकी. शेव बंद, गोड बंद, बट्टी सणावारी आणि तीही बेताने. रोज चालायचं. धाकटी धुळ्यात चालायची, मी इथे मेहरूणच्या तलावाकडे. रविवारी फोनवर एकमेकींना वजन सांगायचं असं ठरलं.

पहिले काही रविवार मजेत गेले. दोघींचं उतरत होतं. मग तिचं उतरतच राहिलं आणि माझं थांबलं. तेच खाणं, तेवढंच चालणं; तिच्या बाजूला आकडा खाली घसरत होता आणि माझ्या बाजूला काटा हट्टी बैलासारखा बसला होता. मी भाकरी अर्धी केली. काटा थोडा हलला. सणाला एकदा पुरणपोळीचा तुकडा खाल्ला तर हललेलं सगळं परत आलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर भुकेने माझ्या पोटात खड्डा पडायचा. तिला विचारलं, तुला भूक लागते का गं? ती म्हणाली, पहिले आठ दिवस लागली, आता नाही. हे ऐकून मला हातातला फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

लवकरच तिचे ब्लाऊज पुन्हा माझ्याकडे आले, या वेळी दाबायला. जी माया मी आनंदाने उसवली होती ती आता मुकाट्याने परत आत घेत बसले.

आणि एका रविवारी तिने विचारलं, "अक्का, मधल्या वेळचं काही सांगायचं राहून जातं का तुझं?"

तोंडावर चोर म्हणायचं धाडस नसलं की माणूस असं गोड विचारतं. माझे कान तापले. मी म्हटलं, जे खाते ते सगळं सांगते. ती म्हणाली, हो गं, मी आपलं सहज विचारलं. पण सहज विचारलेलं तिने मायला सांगितलं होतं, कारण दुसऱ्या दिवशी मायचा फोन. माय गोडबिड काही बोलत नाही. "चोरीसन खात व्हशी तू," ती म्हणाली. "धाकलीनं उतरनं, तुनं कसं उतरत नही?"

ज्या बाईने मला मांडीवर घेऊन लाडू भरवले, ती हे बोलत होती. मी फोन ठेवला आणि मशीनवर बसून एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली.

त्या दिवसापासून वजन दुसऱ्या नंबरला गेलं. उतरायला हवं होतंच. गुडघे बोलायला लागले होते, रक्तातली साखर काठावर होती. पण त्याहून जास्त मला एक गोष्ट हवी होती. माझ्या बहिणीने एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणावं, की अक्का चोरून खात नाही. तिनेच म्हणायला हवं होतं. नवरा म्हणायचा, पण नवऱ्याचं म्हणणं म्हणजे घरचंच. जी माझ्याबरोबर तेच खाऊन बारीक झाली, तिच्याच तोंडून मला ते हवं होतं.

डॉक्टरीण बाईंकडे मी भांडायलाच गेले. म्हटलं, तुमचं पथ्य माणूस बघून चालतं का? त्यांनी शांतपणे विचारलं, लहानपणी कशा होतात? मी तुलेची गोष्ट सांगितली. आधी त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, तुम्ही कापसाच्या घरच्या, मग तुम्हाला पोत्यांच्या भाषेत सांगते. शरीरात चरबी भरून ठेवायच्या पेशी असतात, त्या पोत्यांसारख्या. तुमची बहीण लहानपणी सडपातळ, तिची पोती बेताची. बाळंतपणात ती पोती ठासून भरली, आता रिकामी झाली. तुमच्या घरात पोतीच जास्त आली, तीही वाढत्या वयात. मोठेपणीही वाढू शकतात, आणि त्यात आईबापांकडून आलेलाही भाग असतो, सगळा दोष गुळाचा नाही. पण एकदा आलेली पोती उपाशी राहून रिकामी करता येतात, घराबाहेर टाकता येत नाहीत.

"आणि रिकामं पोतं गप्प बसत नाही," बाई म्हणाल्या. "ते मेंदूकडे सारखं मागतं, भर म्हणून. तुमची भूक खोटी नाही."

मला तिथेच रडू आलं. मग मी व्यवहाराचं विचारलं, आता करायचं काय? बाईंनी सांगितलं, बहिणीशी बरोबरी पहिल्यांदा सोडा. तुम्हाला तिच्याएवढं व्हायचं नाही. जेवढं उतरलं आहे तेवढं धरून ठेवणं हेच तुमचं काम, आणि ते उतरवण्यापेक्षा अवघड आहे. एवढंही टिकलं तरी साखर आणि गुडघे दुवा देतील. उपास बंद करा, उपासानंतर पोती दुप्पट ओरडतात. डाळी, दही, अंडी चालत असतील तर अंडी. नुसतं चालू नका, वजन उचला, खुर्चीवरून न धरता उठा-बसा, म्हणजे स्नायू राहतील. हल्ली इंजेक्शनं निघाली आहेत, त्यांनी भूक कमी होते, पण सोडली की बहुतेकांचं परत येतं. ती आणि पोटाचं ऑपरेशन, दोन्ही दारं उघडी आहेत, साखर वाढली तर बोलू. चरबी ओढून काढायची जाहिरात बघून कुठे जाऊ नका, तो यावरचा इलाज नाही.

बरोबरी सोडा म्हणे. बाईंना बहीण नसावी.

मी ते सगळं त्याच दिवशी फोन करून धाकटीला सांगितलं, पोत्यांसकट. ती ऐकत होती आणि मला वाटलं, आता म्हणेल. ती हसली. म्हणाली, "पोत्यांचं बरं सापडलं तुला, अक्का." तिच्या मनात वाईट नव्हतं, ती थट्टाच करत होती. मी पण हसले. नंतर आठवडाभर मी तिच्याशी बोलले नाही आणि तिला ते कळलंही नाही.

त्या हिवाळ्यात मायच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन जळगावला करायचं, म्हणून माय माझ्याकडे आली, आणि लग्नसराईत माझ्या हाताला उसंत नाही म्हणून धाकटी लेकरांना सासूपाशी ठेवून तिच्या मागोमाग आली. थेंब टाकायचे, मायला वाकू द्यायचं नाही, कचरा-धूर जवळ येऊ द्यायचा नाही, हे सगळं तिने अंगावर घेतलं. कामाला ती वाघ आहे, हे मी जळतानाही मान्य करते. पण ती आली ती नुसती मायसाठी नाही, हे मला दुसऱ्या दिवशीच कळलं. मी जेवायला बसले की ती समोर बसायची. मी उठून आत गेले की दोन मिनिटांनी पाणी प्यायला आत यायची.

एकदा मी एका नवरीचे ब्लाऊज पोचवून लवकर परत आले. धाकटी पुढच्या खोलीत स्टुलावर चढली होती आणि अस्तराच्या गठ्ठ्यांच्या मागे कोपरापर्यंत हात घालून चाचपत होती. मी दारातच उभी राहिले. तिने वळून बघितलं आणि तिचा हात तसाच आत राहिला.

काय पाहिजे, मी विचारलं. ती म्हणाली, काळा दोरा. काळा दोरा मशीनवरच लावलेला होता. दोघींनी एकाच वेळी मशीनकडे बघितलं. ती खाली उतरली आणि मायला थेंब टाकायची वेळ झाली म्हणून आत गेली. मी स्टुलावर बसले. मला राग आला होता, आणि त्याच रागात मला वाटत होतं, शोध, नीट शोध, वरची फळीपण बघ. एकदा रिकामा हात बाहेर आला म्हणजे तरी म्हणशील.

तिने शोधलंच असणार. घरात डबे किती असतात, आणि माझी उठबस किती! सकाळी मी पाण्याचे कॅन उचलून हातांचे व्यायाम करायचे, तेव्हा ती हसायची, मग हळूहळू हसेनाशी झाली. तिने हट्टाने दोन दिवस माझ्यासारखंच खाऊन पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचं डोकं दुखायला लागलं आणि तिने चहात बुडवून टोस्टचा अर्धा पुडा संपवला. संपवताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

मायचा डोळा स्वच्छ झाला त्या दिवशी तिने वरण-बट्टी मागितली. धाकटीने केली. बट्ट्या वाफवल्या, कापल्या, तुपात तळल्या, घोटलेली वांग्याची भाजी केली, सगळ्या घराला वास सुटला. मी अर्धी बट्टी घेतली आणि ताटभर वरण आणि भाजी. हळू खाल्लं, बाईंनी शिकवल्याप्रमाणे. माय जेवून पडली. धाकटीने दुसऱ्यांदा बट्ट्या चुरायला घेतल्या, मध्ये खळगं करून वाटीने तूप ओतलं आणि बोटांनी कालवायला लागली. कालवता कालवता ती थांबली. तिचे डोळे भरले होते.

"अक्का," ती म्हणाली, "तू काहीच चोरीसन खात नही. मी इतला दिन देखं. मी तुनावर उगाच आळ लिना."

आले होते ते शब्द. किती दिवस मी त्यांची वाट बघत होते, किती रात्री तिच्या तोंडी घालून पाहिले होते. मला वाटलं होतं, ते ऐकले की छातीवरचा धोंडा उतरेल, मी तिला मिठी मारीन, दोघी रडू. मी बघत होते ते तिच्या बोटांकडे. बोटांवरून तूप मनगटाकडे ओघळत होतं आणि तिच्या मनगटाचं हाड दिसत होतं. ती रडत होती आणि रडता रडता तिने तो घास खाल्लाही. भूक लागलेली माणसं खातात तसा, काही विचार न करता. त्या घासाचं तिला काही देणंघेणं नव्हतं. तो तिच्या पोटात जाणार आणि संपणार.

तेव्हा मला कळलं की मला हे नकोच होतं. तिने मला जन्मभर चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं, तो घास तसा खाता आला असता तर.

"ते ताट उचल मनासमोरथीन," मी म्हटलं.

ती मान वर करून बघत राहिली. तिने ताट उचललं.

पुढचे दिवस ती माझ्याबरोबर बसून माझ्याएवढंच वाढून घ्यायची. अर्धी भाकरी, वरण, भाजी. शेवेचं नाव नाही, टोस्टचं नाव नाही. मायने एकदा विचारलंही, तुले काय व्हयनं, तर म्हणाली, भूकच नही. ती माझ्या बाजूने खोटं बोलत होती हे मला कळत होतं.

धुळ्याला परत जायच्या आदल्या दुपारी मी बाहीला टीप मारत होते. दोरा संपला म्हणून उठले आणि मागच्या दारापर्यंत गेले. मोरीपलीकडे कपडे वाळत घालायच्या जागी, ओल्या साडीच्या आड, धाकटी भिंतीकडे तोंड करून उभी होती. हातात सकाळची पोळी, तिच्यात शेव गुंडाळलेली. घाईघाईने खात होती. दोनदा तिला ठसका लागला, तो तिने पदरात दाबला.

आतून मायने हाक मारली, धाकली कोठे शे? मी म्हटलं, कपडे वाळत घालतेय. दार अर्धवट उघडं होतं, एक हाक मारली असती तर ती आत येऊन माझ्यासमोर बसून सुखाने जेवली असती. मी हाक मारली नाही. माझ्या माघारी का होईना, तिला एकदा चोरून खावं लागत होतं, आणि खरं सांगते, ते बघून माझी भूक शमली.